पिठीसाखरेचा बर्फ : चिनी महानगरांतील उच्चभ्रू भोजन आणि कवितेचा वापर

बीजिंगमधील एका महागड्या भोजनगृहातील प्रसंगापासून सुरुवात करतो. भोजनगृहाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण या धर्तीची भोजनगृहे तेथे एकापेक्षा अधिक आहेत. आमच्यापैकी दोघांना एका चिनी प्राध्यापकांनी तेथे जेवायला नेले होते. खोली खासगी, उजेड मंद, भिंतीवर शाईचित्र. पाचव्या की सहाव्या पदार्थाला काळ्या दगडी ताटलीतून आंबटगोड चवीच्या, गडद तांबड्या रंगाच्या डुकराच्या बरगड्या आल्या. शेजारी सूचिपर्णी झाडाची एक लहानशी फांदी खोचलेली. मग वाढणारी मुलगी पुढे झाली. हातात लहान चाळणी घेऊन तिने त्या बरगड्यांवर पिठीसाखर भुरभुरवली आणि ती पडत असताना तांग काळातील कवी ल्यू झोंगयुआन यांची 'नदीवरील बर्फ' ही कविता संथ आवाजात म्हटली. कविता वीस अक्षरांचीच आहे. ती संपेपर्यंत ताटली पांढरी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

आमच्या यजमानांनी तिला विचारले, "ही कविता तुला इथे शिकवली का?"

"नाही सर, गावच्या शाळेत शिकले होते. आन्हुईत."

"तेव्हा पाठ करताना काय वाटायचं?"

ती जराशी थांबली. "म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल, असं वाटायचं," एवढे बोलून रिकाम्या ताटल्या घेऊन ती निघून गेली.

यजमानांनी हे संभाषण आम्हाला इंग्रजीत सांगितले आणि विषय बदलला. आम्हाला मात्र तो बदलता आलेला नाही. त्या खोलीत बसलेल्या साहित्याच्या पाच अभ्यासकांपैकी एकालाही त्या कवितेतील थंडी आठवली नव्हती. ती आठवली ती साखर चाळणाऱ्या मुलीला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच विसंगतीतून निघाले आहे. चिनी महानगरांतील उच्चभ्रू भोजनसंस्कृतीकडे 'अभिजात परंपरेचे पुनरुज्जीवन' म्हणून पाहण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हाला अमान्य आहे. तेथे परंपरा जिवंत होत नाही. तिच्यातील जे बोचते ते काढून टाकले जाते आणि उरलेला गोड भाग वाढला जातो.

आधी संज्ञेविषयी. या प्रकारच्या पाककृतींना चिनी भाषेत 'यिजिंग त्साय' म्हणतात. भाजलेल्या बदकासाठी ख्यातनाम असलेल्या 'दा दोंग' या भोजनगृहांचे प्रमुख आचारी दोंग झेनशियांग यांच्यामुळे हे नाव रूढ झाले, आणि बरगड्यांवर साखरेचा बर्फ पाडण्याची कल्पनाही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. 'त्साय' म्हणजे पदार्थ. 'यिजिंग' ही मात्र स्वयंपाकघरातील संज्ञा नव्हे. ती काव्यशास्त्रातली आहे. कवितेतील दृश्य आणि भाव एकजीव झाल्यावर शब्दांच्या पलीकडे जो प्रदेश वाचकाच्या मनात उघडतो, तो यिजिंग. १९०८ साली वांग ग्वोवेई यांनी आपल्या काव्यविषयक टिपणांतून याच कुळातील 'जिंगज्ये' या संकल्पनेला आधुनिक चिनी समीक्षेच्या केंद्रस्थानी आणले. तिचे मूळ त्याहून बरेच जुने आहे. नवव्या शतकातील सिकोंग तू यांनी एका पत्रात कवितेची चर्चा चवीच्या भाषेत केली होती. व्हिनेगर आंबट असते, मीठ खारट असते. पण निव्वळ आंबट आणि खारट यांच्यापाशी थांबणाऱ्याला चव कळलेली नाही, आणि कवितेचेही तसेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्याच शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन ध्वनीचा सिद्धान्त मांडत होते, आणि त्यापूर्वी कितीतरी आधी भरताने रसाची कल्पना स्पष्ट करताना जेवणाराच दृष्टान्तासाठी घेतला होता. मराठीत काव्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे साम्य वेगळे समजावून सांगायला नको. दोन्ही परंपरांनी स्वयंपाकघरातून शब्द उसना घेतला आणि त्या बदल्यात चवीला विचाराची प्रतिष्ठा दिली.

म्हणून एखाद्या आचाऱ्याने तो शब्द परत मागितला तर आमची हरकत असण्याचे कारण नाही. उलट तो हक्क त्याचाच आहे. प्रश्न असा की परत घेतलेल्या शब्दाचे तो काय करतो. ध्वनी काय किंवा यिजिंग काय, दोन्ही संकल्पना न सांगितलेल्यावर उभ्या आहेत. साखरेच्या बर्फात न सांगितलेले असे काहीच उरत नाही. कवितेत बर्फ आहे, म्हणून ताटलीत बर्फ. कवितेत नदी आहे, म्हणून ताटली काळी. कवितेत एकांत आहे, म्हणून फांदी एकच. एवढ्यावरही कुणाच्या लक्षात आले नाही तर, म्हणून कविता म्हणूनही दाखवायची. याला ध्वनी म्हणत नाहीत. आमच्याकडे जुन्या नाटकमंडळीत 'मेघ दाटले' असा शब्द आला की पडद्यामागे पत्रा हलवीत, त्या जातीचा हा प्रकार आहे. पत्रा हलवणाऱ्याने मात्र आपण काव्यशास्त्र उलगडत असल्याचा दावा कधी केला नव्हता.

हा आक्षेप सौंदर्यशास्त्रापुरता असता तर लेख लिहिण्याइतके त्यात काही नव्हते. खरा आक्षेप निवडीविषयी आहे.

ल्यू झोंगयुआन यांनी ती कविता लिहिली तेव्हा ते हद्दपार होते. ८०५ साली दरबारातील सुधारणावादी गटाचा पाडाव झाला आणि त्या गटातील या तरुण अधिकाऱ्याला दक्षिणेकडे, आजच्या हुनान प्रांतातील योंगझोऊ येथे धाडण्यात आले. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. पुढे आणखी दक्षिणेला ल्यूझोऊ येथे बदली झाली आणि ८१९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्या कवितेच्या चार ओळींची आद्याक्षरे एकापुढे एक वाचली तर हजार, दहा हजार, एकटा, एकाकी असे शब्द हाती येतात. तो बर्फ शोभेचा नाही. सत्तेने ज्याला माणसांतून उठवले त्याच्या डोळ्यांना दिसणारे ते निर्मनुष्य जग आहे.

याच कवीने, त्याच योंगझोऊत राहून, एक गद्य निबंधही लिहिला. तो साप पकडणाऱ्या एका माणसाविषयी आहे. त्या भागात एक अतिविषारी साप सापडे. औषधासाठी राजदरबाराला तो हवा असे आणि जो साप आणून देईल त्याला कर माफ होई. निबंधातील माणसाचा आजा त्या सापाने मेला, बापही मेला, तो स्वतःही मरतामरता वाचला आहे. कवी त्याला म्हणतो, मी अधिकाऱ्यांशी बोलून तुझे हे काम बदलून देतो, तू पुन्हा कर भरू लाग. त्यावर तो माणूस रडू लागतो. सापाचा धोका वर्षातून दोनदाच. करवसुलीवाले मात्र दारात केव्हाही येतात, आणि शेजारची घरे त्यांनी केव्हाच उजाड केली आहेत. हा निबंध चीनमधील शालेय विद्यार्थी वाचत आले आहेत. 'नदीवरील बर्फ' आणि 'साप पकडणारा' यांचा लेखक एक, गाव एक, काळ एक. त्यांतील एक रचना बरगड्यांवर भुरभुरवता येते, दुसरी येत नाही. म्हणून एक वाढली जाते आणि दुसरीचे नावही निघत नाही. दू फू यांनी ७५५ साली श्रीमंतांच्या दाराआड नासणारे अन्न आणि रस्त्यावर गारठून मेलेली माणसे यांना शेजारी शेजारी ठेवले. चिनी कवितेत भोजनाचा इतका प्रसिद्ध उल्लेख दुसरा क्वचितच असेल. तो कोणत्याही मेन्यूवर छापलेला आम्ही पाहिलेला नाही.

वाचकांना हे दूरचे वाटत असेल तर एक कल्पना करून पाहावी. ज्याच्या घरात दुष्काळाने अन्नाअभावी मरण पाहिले, त्या तुकोबांचा एखादा अभंग मुंबईतील कुणा पंचतारांकित भोजनगृहाने छोट्याशा भाकरीच्या तुकड्याबरोबर गाऊन वाढला, आणि त्या भाकरीसाठी हजार रुपये लावले. आपल्यातले बहुतेक जण संतापतील. निदान संतापावे अशी आशा आहे. मग ल्यू झोंगयुआन यांच्या बाबतीत आपण 'किती सुसंस्कृत लोक!' असे का म्हणतो? परक्याची परंपरा आपल्याला सजावट म्हणूनच दिसते, हेच त्याचे उत्तर असावे.

सू दोंगपो यांचीही अशीच गत झाली आहे. १०८० साली तेही हद्दपार होऊन हुआंगझोऊला पोहोचले. पगार तुटपुंजा, पुढे हातानेच पडीक जमीन कसण्याची वेळ आली. तेथे डुकराचे मांस मातीमोल होते. श्रीमंत ते खात नसत आणि गरिबांना ते नीट शिजवता येत नसे. थोडे पाणी, मंद आच आणि भरपूर वेळ एवढ्यावर ते कसे रुचकर होते हे सू दोंगपो यांनी एका मिश्कील रचनेत सांगून ठेवले. आज त्यांच्या नावाचा मांसाचा चौकोनी तुकडा हांगझोऊपासून शांघायपर्यंतच्या झगमगत्या भोजनगृहांतून एकेका झाकणाच्या भांड्यात, एकेका माणसासमोर ठेवला जातो. पदार्थ महाग झाला याचे दुःख नाही. जी पाककृती 'जवळ पैसे नसतानाही नीट जेवता येते' हे सांगण्यासाठी जन्मली, तिच्यातून नेमके तेवढेच गाळले गेले याचे दुःख आहे.

येथे कुणी म्हणेल की भोजनगृहाकडून समीक्षेची अपेक्षा कशाला? हा प्रश्न चिनी परंपरेला लागू पडत नाही, कारण तेथे भोजनाची समीक्षा हा साहित्याचाच एक प्रांत होता. युआन मेई हे अठराव्या शतकातील मोठे कवी. नानजिंगमध्ये 'सुइयुआन' नावाच्या बागेत ते राहत. १७९२ साली त्यांचे 'सुइयुआन शीदान' हे पाकशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात आधी कर्तव्ये येतात, मग निषेध, आणि मग पाककृती. निषेधांतले दोन आमच्या विषयाला थेट भिडतात. कानांनी जेवू नये आणि डोळ्यांनी जेवू नये. कानांनी जेवणे म्हणजे किमती नावांच्या मागे लागणे, पाहुण्याचा मान राखल्याचे दाखवण्यासाठी वाढणे. डोळ्यांनी जेवणे म्हणजे मेजावर पुष्कळ मांडून बघत बसणे. नीट केलेले टोफू हे पक्ष्याच्या घरट्याहून कितीतरी वरचढ, असे त्यांचे मत होते. एका बड्या अधिकाऱ्याने त्यांना मोठाल्या वाडग्यांतून नुसतेच उकडलेले बेचव घरटे खाऊ घातले. त्यावर त्यांनी लिहून ठेवले की श्रीमंतीच दाखवायची होती तर वाडग्यात मोती भरायचे होते. खाता आले नसते तरी किंमत अधिक झाली असती.

गेल्या दोन दशकांतील बीजिंग-शांघायकडे या दोन निषेधांच्या आधारे पाहावे. डोळ्यांच्या भोजनाचे मोठे उदाहरण म्हणजे २००६ मध्ये बीजिंगात उघडलेला 'लान क्लब'. फ्रेंच रचनाकार फिलिप स्टार्क यांनी तो सजवला होता आणि तेथे तैलचित्रे छताला टांगलेली होती. दुसरे उदाहरण शांघायचे 'अल्ट्राव्हायोलेट'. पॉल पेरे या फ्रेंच आचाऱ्याने २०१२ साली ते सुरू केले. एकच मेज, दहाच खुर्च्या, पाहुण्यांना वाहनातून अज्ञात पत्त्यावर नेणे, प्रत्येक पदार्थागणिक भिंतींवरील चित्र, संगीत आणि गंध बदलणे, आणि माणशी काही हजार युआन. २०२५ मध्ये ते बंद झाले. त्याच्याविषयी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ते स्वतःला खेळ म्हणवत होते आणि खेळच दाखवत होते. कुणा हद्दपार कवीला त्यांनी कामाला लावले नव्हते. आमचा राग त्यामुळे त्यांच्यावर कमी आहे.

कानांच्या भोजनाची व्यवस्था तर आता संस्थात्मक झाली आहे. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीची मार्गदर्शिका २०१६ च्या सप्टेंबरात शांघायला पोहोचली आणि तिने आपले एकमेव तीन तारे एका आंतरराष्ट्रीय हॉटेलातील 'टँग कोर्ट' या कँटनी भोजनगृहाला दिले. शांघायची स्वतःची पाकपरंपरा शांघायमध्येच मागे राहिली याची तेव्हा बरीच चर्चा झाली. २०१९ मध्ये मार्गदर्शिका बीजिंगला गेली. याहून बोधप्रद गोष्ट देशी आहे. २००३ साली शांघायमध्ये 'दाझोंग दियानपिंग' नावाचे संकेतस्थळ निघाले. नावाचा अर्थच लोकांनी केलेले परीक्षण. कोपऱ्यावरच्या शेवयांच्या दुकानाविषयी कुणीही चार ओळी लिहाव्यात अशी ती योजना होती. पुढे ते एका बलाढ्य कंपनीचा भाग झाले आणि २०१८ मध्ये त्याच कंपनीने तज्ज्ञांच्या निवडीची 'ब्लॅक पर्ल' ही हिऱ्यांची यादी काढली. लोकांच्या परीक्षणापासून निघालेली वाट पंधरा वर्षांत हिऱ्यांपर्यंत आली. जेवणारा आधी तारे आणि हिरे मोजतो, मग जिभेला विचारतो. युआन मेई यांना हा रोग नवा वाटला नसता. रुग्णांची संख्या पाहून मात्र ते चकित झाले असते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते दुबळे नाही. चिनी अन्न स्वस्तच असले पाहिजे हा जगाचा जुना आग्रह आहे. फ्रेंच किंवा जपानी जेवणासाठी खळखळ न करता पैसे मोजणारा माणूस चिनी जेवणाचे बिल पाहून भुवया उंचावतो. कृष्णेंदु राय यांनी २०१६ च्या 'द एथनिक रेस्टॉरटर' या पुस्तकात दाखवले आहे की एखाद्या समाजाच्या अन्नाला मिळणारा भाव त्या समाजाच्या जगातील पतीशी जोडलेला असतो. आम्हा मराठी लोकांना तर या बाबतीत बोलण्याचा अधिकारच नाही. 'चायनीज' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे संध्याकाळी नाक्यावर लागणारी लाल अक्षरांची गाडी येते आणि तिच्यावर मिळणारे मांचुरियन चीनमध्ये कुणाला ठाऊक नसते. तेव्हा एखाद्या चिनी आचाऱ्याने 'माझ्या कलेची किंमत पॅरिसच्या आचाऱ्याइतकीच' असे ठणकावले, तर ते स्वाभिमानाचे लक्षण आहे आणि आम्ही त्याच्या बाजूचे आहोत.

शिवाय महाग म्हणजे खोटे असेही नाही. बीजिंगमध्ये २०१९ साली ज्याला तीन तारे मिळाले ते 'शिन रोंग जी' हे मूळचे झेज्यांगच्या किनाऱ्यावरील तायझोऊ भागातले. १९९५ साली लिनहाय या गावात मासळीच्या साध्या धंद्यातून ते सुरू झाले. तेथील गाजलेला पदार्थ म्हणजे कुरकुरीत तळलेली मासळी, आपल्या कोकणात जिला वाकटी म्हणतात त्या कुळातली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून ही मासळी चीनला निर्यातही होते; आपल्या घरी मात्र पाहुण्यांपुढे ती ठेवायला आपण संकोचतो. तिच्यात चव आहे हे ओळखून ती निगुतीने तळणे, याला आम्ही परंपरेचा आदर म्हणतो. तेथे कविता म्हणण्याची गरज पडत नाही. तळणाऱ्याच्या हाताला काय येते ते पुरेसे असते.

दुसरी एक पळवाट आम्हाला बंद करायची आहे. उच्चभ्रू भोजनावर टीका केली की काहींना लगेच काटकसरीचे फर्मान आठवते. चिनी सत्तेने असली फर्माने पुष्कळ काढली आहेत. २०१२ च्या डिसेंबरात अधिकाऱ्यांच्या डामडौलाविरुद्ध आठ कलमी नियम आले आणि सरकारी मेजवान्यांवर जगणारी मोठमोठी भोजनगृहे धडाधड कोसळली. भांडवल बाजारात नोंदलेल्या 'शियांग ए छिंग' या कंपनीला तर धंदाच बदलावा लागला. २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला. २०२५ च्या मे महिन्यात सरकारी कामाच्या जेवणांतून मद्य आणि उंची पदार्थ वगळण्याचा नियम आला. भ्रष्ट अधिकाऱ्याचे जेवण बंद झाले याचे आम्हाला दुःख नाही. पण फर्मानाने अभिरुची घडत नाही, आणि न्याय तर नाहीच. लू वेनफू यांची १९८३ साली प्रसिद्ध झालेली 'मेइशिज्या', म्हणजे 'खवय्या', ही लघुकादंबरी हेच सांगते. तिचा निवेदक सुझोऊतील एका आयतोबा खवय्याचा मनापासून द्वेष करतो. क्रांतीनंतर तोच एका नामांकित भोजनगृहाचा व्यवस्थापक होतो, श्रीमंतांचे चोचले बंद करतो, सर्वांसाठी स्वस्त जेवण सुरू करतो. आणि पाहता पाहता तेथील स्वयंपाक नासतो. ज्या कष्टकऱ्यांसाठी हे केले तेच कुरकुरतात, कारण सणावाराला त्यांनाही चांगलेच खायचे असते. चव ही श्रीमंतांची मालमत्ता आहे असे मानणारा क्रांतिकारक आणि तसेच मानणारा भांडवलदार यांचे या एका मुद्द्यावर एकमत असते. आमचे दोघांशीही नाही.

मग आम्हाला हवे तरी काय? ते सांगण्यासाठी पुन्हा त्या साखर चाळणाऱ्या मुलीकडे वळणे भाग आहे.

चिनी शहरांत महागड्या गोष्टींना 'गाओदुआन' हे विशेषण लावतात. अर्थ 'वरच्या टोकाचा'. भोजनगृहे गाओदुआन, गृहसंकुले गाओदुआन, पाहुणेही गाओदुआन. या शब्दाचे दुसरे टोक 'दीदुआन', खालचे टोक. २०१७ सालच्या नोव्हेंबरात बीजिंगच्या दाशिंग भागात, स्थलांतरित मजुरांनी दाटलेल्या एका इमारतीला आग लागून १९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर असुरक्षित वस्त्या रिकाम्या करण्याची मोहीम निघाली आणि ऐन थंडीत हजारो स्थलांतरितांना काही दिवसांच्या, कित्येकांना काही तासांच्या सूचनेवर घराबाहेर काढण्यात आले. त्या दिवसांत एक शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला : 'दीदुआन रेनकोउ', खालच्या टोकाची लोकसंख्या. शहराची लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याविषयीच्या सरकारी कागदांतून तो आधीच वावरत होता. गदारोळ झाल्यावर अधिकाऱ्यांनी असा शब्द आपला नसल्याचे सांगितले आणि चिनी समाजमाध्यमांवर तो शोधणेही अशक्य झाले.

वरच्या टोकाचे भोजन वाढणारे, धुणारे, चिरणारे, पोहोचवणारे हात याच खालच्या टोकाचे असतात. आन्हुई, हनान, सिचुआन, गान्सूच्या खेड्यांतून ते येतात. १९५८ पासून चालत आलेल्या कुटुंबनोंदणीच्या व्यवस्थेमुळे शहरात वर्षानुवर्षे राबूनही त्यांतले बहुसंख्य त्या शहराचे नागरिक ठरत नाहीत. मुलांच्या शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्यांना ते जाणवते. म्हणजे त्या खोलीत कविता कुणाविषयी होती? माणसांतून उठवल्या गेलेल्या, थंडीत एकट्या पडलेल्या माणसाविषयी. आणि ती म्हणत कोण होते? ज्यांना थंडीत घराबाहेर काढले गेले, त्यांच्यातलेच एक माणूस. ही जवळीक खोलीतल्या कुणाच्याही ध्यानात येऊ नये यासाठी तर ती साखर होती. यिजिंग असलाच तर तो तेथे होता, आणि आम्ही तो टाळ्यांत बुडवला.

युआन मेई यांच्याकडे वांग शियाओयू नावाचा स्वयंपाकी होता. जवळजवळ दहा वर्षे त्याने त्यांच्याकडे काम केले. तो वारल्यावर त्या कवीने त्याचे चरित्र लिहिले. मोठमोठ्या घरी जाण्याची संधी असताना तू येथेच का राहिलास, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर त्यात नोंदले आहे : आपल्याला समजून घेणारा माणूस मिळणे कठीण आणि चव समजणारा मिळणे त्याहून कठीण, धनी पदार्थातले दोष अचूक दाखवतो, म्हणून तर आपण येथे थांबलो. अठराव्या शतकातील तो समाज समतेचा मुळीच नव्हता. तरीही त्या कवीला आपल्या आचाऱ्याचे बोलणे साहित्यात आणण्याइतके मोलाचे वाटले. आजच्या तारांकित भोजनगृहात मुख्य आचाऱ्याचे नाव आणि छायाचित्र असते. बाकीच्यांच्या छातीवर फार तर क्रमांकाची पट्टी असते.

ती माणसे मुकी आहेत असेही नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये फान यूसू या स्त्रीने 'मी फान यूसू' या शीर्षकाचा आत्मपर निबंध प्रसिद्ध केला आणि काही दिवसांत तो साऱ्या चीनने वाचला. हुपेइच्या खेड्यातून आलेली ही बाई बीजिंगमधील श्रीमंत घरी मुले सांभाळण्याचे काम करत होती. शहराच्या कडेच्या पीचुन या स्थलांतरितांच्या वस्तीत मजुरांसाठी साहित्याचा वर्ग चालतो, त्या वर्गातून ती पुढे आली. ल्यू झोंगयुआन यांची परंपरा आज कुठे जिवंत आहे असे कुणी विचारले, तर आम्ही पीचुनकडे बोट दाखवू.

तेव्हा आमचे म्हणणे शेवटी साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. कवितेला मेजावर मान मिळाला की आपण हुरळून जातो. आपल्या उपेक्षित विषयाला कुणीतरी विचारले याचेच अप्रूप वाटते. हे अप्रूप आवरले पाहिजे. कुणी एखादी कविता अशी गोड करून वाढली, की तिच्या कवीने त्याच काळात आणखी काय लिहिले हे विचारावे. वर्गात 'नदीवरील बर्फ' शिकवायची असेल तर 'साप पकडणारा' तिच्याबरोबर शिकवावा. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. चांगले जेवणाऱ्याचा हेवा करू नये, पण जेवण कुणाच्या हातून आले हे विचारण्याची लाजही बाळगू नये.

त्या संध्याकाळी निघताना आम्ही त्या मुलीचे नाव विचारले नाही. कवीच्या हद्दपारीच्या साली तोंडपाठ असलेल्या पाच माणसांना ते सुचले नाही, याची नोंद येथे करून ठेवतो.